मोहनरावांचा बिननावाचा फ्लेक्स

नेकनूर सोडून केजकडं निघालं की डाव्या अंगाला जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावचे मोहनराव. सगळा भाग त्यांना नाना म्हणतो. दोनदा सरपंच झाले, एकदा पंचायत समितीवर गेले, नंतर वयानं थांबले. पांढरा सदरा, पांढरं धोतर आणि छातीच्या खिशात मोबाईल. त्या मोबाईलवर त्यांनी निम्म्या तालुक्याची कामं केली असं लोक म्हणतात. नानाही तसंच म्हणतात.

कामाची पद्धत साधी होती. कुणाच्या पोराला वसतिगृहात जागा पाहिजे, कुणाच्या शिवारातली विजेची डीपी जळालेली, कुणाच्या म्हातारीला दवाखान्यात खाट मिळेना. माणूस ओसरीवर येऊन टेकला की नाना त्याला चहा पाजत आणि फोन लावत. "साहेब, आपला माणूस हाय, तेवढं बघा." एवढंच वाक्य. पण ते म्हणताना नाना असे हसत की पलीकडच्या साहेबालाही आपण कुणाच्या तरी घरचेच आहोत असं वाटे. काही कामं फोनमुळे होत, काही आपोआपच होणारी असत. नानांनी तो हिशेब कधी केला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे नाना कशालाही वाईट म्हणत नसत. लग्नात भात कच्चा राहिला तरी "एक नंबर", कीर्तन रंगलं नाही तरी "एक नंबर". त्यांच्या बायको केसरबाई म्हणत, "ह्यांच्या म्होरं शेणाचा गोळा ठेवला तरी म्हंतील, एक नंबर झालाय." यावरही नाना हसत. उभ्या आयुष्यात मतं मागितलेल्या माणसाला कडू बोलणं परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

अशा घरात गेवराईकडची राजनंदिनी सून म्हणून आली. नानांचा मुलगा विजयसिंह केजला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान चालवतो, त्याची ती बायको. ती लग्नाच्या आधीच रसायनशास्त्रात शिकलेली होती, लग्नानंतर डॉक्टरेट केली आणि केजच्या अलीकडं माळावर जे इंजिनिअरिंग कॉलेज आहे तिथं शिकवू लागली. मग मुलगी झाली आणि संशोधन मागं पडलं. शिकवणं चालू राहिलं, पण कॉलेजात बाई म्हणजे हाताशी असलेलं माणूस. पाहुण्यांना गुच्छ द्यायचा, बोलवा राजनंदिनी मॅडमला. रांगोळीच्या स्पर्धेला परीक्षक, राजनंदिनी मॅडम. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन, त्याही त्याच. नवी उपकरणं आली की मात्र त्यांच्या चाव्या दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात जात.

तरी तिनं आपला नाद सोडला नव्हता. डोंगराकडच्या शेतांच्या बांधांवर सीताफळं उदंड. झाडावरून उतरलं की फळ दोन-चार दिवसांत मऊ पडतं, म्हणून मिळेल त्या भावात देऊन टाकावं लागतं. गर काढून ठेवावा म्हटलं तर टिकवण्यासाठी तापवावा लागतो, आणि तापवला की तो गुलाबी पडतो आणि कडू होतो. तो कडू होऊ नये यासाठी राजनंदिनीची धडपड चाललेली. गोठ्याशेजारची जुनी खोली तिनं पांढरी करून घेतली होती. तिथं ती सुट्टीच्या दिवशी बाटल्या भरी, मंद आचेवर धरी, थंड करी आणि घरच्यांना चाखायला देई.

"मामा, कसा लागतो?"

"एक नंबर!"

"आन् ह्यो?"

"ह्यो तर त्याच्याहून एक नंबर!"

राजनंदिनी मग मुकाट्यानं वाटी सासूकडं सरकवी. केसरबाई बोट लावत, तोंड वाकडं करत आणि म्हणत, "कडू हाय. कालच्याहून लई." सून खूश होऊन लिहून घेई. कडू म्हटल्यावर ही का हसते, हे नानांना बरेच दिवस उमगलं नव्हतं.

एका संध्याकाळी जेवताना तिनं विद्यापीठाच्या एका योजनेची गोष्ट काढली. विज्ञान आणि इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या बायका कॉलेजांत पुष्कळ आहेत, पण विभागप्रमुख किंवा प्रयोगशाळेची प्रमुख म्हटलं की बाई शोधावी लागते, असं विद्यापीठाच्या ध्यानात आलं होतं. म्हणून घरच्या जबाबदारीपायी जिचं संशोधन अडलं अशा बाईला दोन वर्षं शिकवण्याचे तास निम्मे, स्वतःची प्रयोगशाळा, आणि सल्ल्याला विद्यापीठातली एक अनुभवी बाई. त्या काळात गुच्छ आणि रांगोळी बंद, असंही त्यात जवळजवळ लिहिलेलं होतं. राजनंदिनीनं अर्ज केला होता आणि समिती काम बघायला कॉलेजात येणार होती.

नानांचा घास हातातच राहिला. "कुणाच्या हातात हाय ते?"

"कुणाच्याच न्हाई. समिती येणार, काम बघणार, प्रश्न विचारणार."

"समितीत कोण कोण हाय?"

"म्हाईत न्हाई. आन् म्हाईत असतं तरी तुमाला सांगितलं नसतं."

विजयसिंहाला ठसका लागला. राजनंदिनी म्हणाली, "मामा, हसण्यावारी नेऊ नका. कसलीबी शिफारस आली की अर्ज बाद, असा नियम हाय."

"असं समदीकडंच लिवत्यात."

"ह्यांनी नुसतं लिवलेलं न्हाई. मागच्या खेपंला एकीचा खरंच बाद केला. तिच्या दिरानं फोन केलता."

"पन कावून? एका फोननं काय बिघडतं?"

राजनंदिनीनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "मामा, तुमच्या फोननं झालं, तर मी येवढं शिकले ते कावून शिकले?"

नानांनी नातीला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "फोन करनार न्हाई. झालं?"

आणि शब्द पाळला. पण ते दिवस त्यांना फार जड गेले. मोबाईल खिशात असा टोचायचा, जसा चपलेत खडा. विद्यापीठात ओळखीची माणसं होती. एकाचा तर वाढदिवस त्याच आठवड्यात आला, पण नुसत्या शुभेच्छा द्यायलाही नानांनी फोन लावला नाही, न जाणो तोंडातून निघून जाईल. सून हे सगळं बघत होती. समिती यायच्या आदल्या दिवशी तिनं चहा देताना म्हटलं, "मामा, तुमी लई निग्रह केला. मला वाटलं नव्हतं." नाना नुसते फुलले.

आणि त्या फुलण्यातच घोटाळा झाला. अंगात एवढा उत्साह, आणि करायला काही नाही. नाना नेकनूरला बंकटच्या दुकानात गेले. बंकट म्हणजे फ्लेक्स छापणारा, नानांच्या सगळ्या निवडणुकांचा साक्षीदार. तिथं बसल्या बसल्या नानांना सुचलं की फोन करायचा नाही असं कबूल केलंय. अभिनंदन करायचं नाही असं कुठं म्हटलंय? शिवाय त्यांचा आयुष्याचा अनुभव असा, की तिकीट जाहीर व्हायच्या आधी ज्याचा फ्लेक्स चौकात लागतो त्याच्या वाटेला बाकीचे जात नाहीत.

"लिव," नाना म्हणाले. "आमच्या सूनबाई प्राध्यापक डॉक्टर राजनंदिनी यांची विद्यापीठाच्या योजनेत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन."

बंकटनं मान वर केली. "झाली का निवड?"

"हुनारच की."

"मग 'होनार असल्याबद्दल' लिवू का?"

"येडा हायस का बे? असं कुठं अभिनंदन असतंय?"

बंकटनं नेहमीचा साचा काढला. वर हात जोडलेले नाना, काळा चष्मा लावून. त्यांच्या बाजूला विजयसिंह, नानांचे चुलतभाऊ, सोसायटीचे चेअरमन, दूध डेअरीवाले, आणि एका कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून खुद्द बंकट. सगळी डोकी बसवून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. "नाना, मॅडमचा फोटू?"

मग शोधाशोध झाली. नानांच्या मोबाईलात एका लग्नातला फोटो निघाला, त्यात राजनंदिनी मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआडून डोकावत होती. बंकटनं तेवढंच डोकं कापलं आणि खाली जागा उरली होती तिथं बसवलं. पुऱ्या फ्लेक्सवर ते लिंबाएवढं दिसत होतं.

"कसा झालाय?" बंकटनं विचारलं.

"एक नंबर!"

संध्याकाळी दोघांनी तो कॉलेजच्या फाट्यावर दोन खांबांच्या मधे ताणून बांधला.

सकाळी राजनंदिनी बर्फाच्या डब्यात बाटल्या घेऊन लवकरच निघाली. थोड्या वेळानं नानांचा फोन वाजला.

"मामा, फाट्यावर फ्लेक्स कुणी लावला?"

"आवडला का?" नाना हसून म्हणाले.

पलीकडून ती म्हणाली, "निवड झाल्याबद्दल असं लिवलंय. समिती ह्याच रस्त्यानं येनार. हे लावलं कुणी, ही शिफारस न्हाई तर काय, असं विचारलं तर मी काय सांगू? तो काढा."

"फोन न्हाई केला मी..."

"न्हाई केला," ती म्हणाली आणि फोन ठेवला. चिडून नाही ठेवला. चिडली असती तर नानांना बरं वाटलं असतं.

केसरबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "काय झालं ते मागून सांगा. आदी ते खाली काढा."

नानांनी बंकटला मोटरसायकलसकट उठवलं. फाट्याजवळच्या हॉटेलवाल्याची शिडी आणली. बंकटचं वजन त्या शिडीला झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून नाना स्वतः धोतराचा काचा मारून वर चढले. तारेला पीळ पक्का दिला होता आणि पकड दुकानात राहिली होती. बोटांनी पीळ सोडवता सोडवता नाना घामाघूम झाले.

"नाना, बेगीन करा, गाडी येतीया!"

"कुणाची?"

"पांढरी हाय. वर विद्यापीठाची पाटी हाय!"

नानांनी उरलेली तार ओढली आणि एक बाजू सुटली. वाऱ्यानं फ्लेक्स फिरला आणि नानांवरच येऊन पडला. ते शिडीवर, वरून फ्लेक्स, जणू नवरदेवासमोर अंतरपाट धरलेला. गाडी अगदी शिडीशेजारी येऊन थांबली.

"अहो, कॉलेजचा रस्ता हाच का?" एका बाईचा आवाज आला.

"हाच, बाई. सरळ वर जावा," नाना पडद्याआडून म्हणाले.

पण बाई गेल्या नाहीत. दार उघडल्याचा आवाज आला. त्यांनी खाली उतरून फ्लेक्सचा एक काठ धरला, म्हणजे नानांचं तोंड मोकळं झालं. सुती साडी, आखूड पांढरे केस, नाकावर चष्मा. त्यांनी तो फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला, आणि खालच्या लिंबाएवढ्या डोक्याशी थांबल्या.

"निवड झाली? आम्हाला तर अजून कुणी कळवलेलं नाही."

गाडीतले आणखी दोघं काचेतून बघत होते. नानांच्या ओठांवर आपोआप ते वाक्य आलं, उभ्या आयुष्यात कधी न चुकलेलं. आपला माणूस हाय, तेवढं बघा. त्यांनी ते गिळलं. कोरडी भाकरी पाण्याशिवाय गिळावी तसं.

"बाई, चूक माझी हाय," ते म्हणाले. "मी तिचा सासरा. तिला ह्यातलं काय बी म्हाईत न्हवतं. तिनं बघितलं तवा मला झापलं, म्हनून काडतोय."

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडं पाहिलं. "शिडी धरायला सांगा कुणाला तरी. पडाल," एवढंच म्हणून त्या गाडीत बसल्या.

नाना फ्लेक्सची घडी मांडीवर घेऊन कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसून राहिले. बंकटनं चहा आणला तो तसाच निवला.

"नाना, काय न्हाई हुत," बंकट म्हणाला. "तुमी पंचायत समितीला अशे फ्लेक्स लावले, कुनी इचारलं का?"

"तवा मी हुबा ऱ्हानार हुतो, बे. आता ती हुबी हाय."

ऊन लिंबाच्या पलीकडं सरकलं तेव्हा कॉलेजचा शिपाई धावत आला. "नाना, आत बोलावलंय. समितीनं."

नानांना वाटलं, आता पंचनामा. ते घडी काखेत मारून गेले. प्रयोगशाळेत टेबलावर पांढऱ्या वाट्या मांडलेल्या होत्या. राजनंदिनी एका बाजूला उभी होती, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पलीकडं कॅन्टीन चालवणाऱ्या ताराबाई पदरानं तोंड पुसत होत्या आणि एक विद्यार्थी उभा होता.

मघाच्या बाई म्हणाल्या, "या. शिफारस करणारे म्हणून नाही, खाणारे म्हणून बोलावलंय. तिन्ही वाट्यांतलं चाखा आणि कसं लागतं ते सांगा. कोणती वाटी कशाची, ते विचारायचं नाही."

राजनंदिनीनं डोळे मिटले. नानांनी ते पाहिलं आणि ते कशामुळे हे त्यांना कळलं. सासरे चाखणार आणि काय म्हणणार, हे तिला पाठ होतं.

पहिली वाटी. गोड, झाडावरून उतरलेल्या फळासारखी. "चांगलाय." दुसरीही तशीच. "ह्यो बी." तिसरीचा चमचा जिभेवर ठेवला. आधी गोड. मग गिळल्यावर मागं, अगदी जिभेच्या मुळाशी, काहीतरी राहिलं. नानांनी आणखी थोडा घेतला. राहिलंच.

'एक नंबर' अगदी दातांपाशी येऊन उभं होतं. ही वाटी सुनेची असेल तर? दुसऱ्या कुणाची असेल तर? समितीसमोर घरच्याच माणसानं नाव ठेवावं? नानांना केसरबाई आठवल्या. वाकडं तोंड आठवलं, आणि त्यावर सून खूश होऊन लिहून घ्यायची तेही आठवलं.

"ही कडू हाय," ते म्हणाले. "लई न्हाई. पन हाय. शेवटाला जिबंवर ऱ्हाती."

ताराबाई घाईनं म्हणाल्या, "अवो नाना, मला तर गोड लागली की!"

"तुमाला मॅडमची माया हाय, ताराबाई. मला बी हाय. पन कडू हाय."

राजनंदिनीनं डोळे उघडले. त्या बाई खुर्चीत मागं टेकल्या आणि हसल्या. "तिन्ही वाट्या तुमच्या सुनेच्याच आहेत. ही तिसरी हंगामाच्या सुरुवातीला भरलेल्या बाटलीतली. सकाळी आल्या आल्या त्यांनी आम्हाला दोन गोष्टी सांगितल्या. एक, फाट्यावर सासऱ्यांनी फ्लेक्स लावलाय आणि तो काढायला सांगितलाय. दुसरी, पद्धत चांगली जमलीय, पण फार दिवस ठेवलेला गर अजून कडवट होतो आणि तो कशामुळे ते कळलेलं नाही. आम्ही चाखला, कडवट लागला. नंतर ज्यांना बोलावलं ते सगळे छान छान म्हणत होते. म्हटलं, ज्यानं फ्लेक्स लावला त्यालाच बोलावू."

"म्हंजे मी पास का नापास?" नानांनी विचारलं.

"तुमची परीक्षा नव्हती," बाई म्हणाल्या.

परतताना राजनंदिनीनं त्यांना गाडीत आपल्या शेजारी बसवलं. फ्लेक्सची घडी पायाशी होती. तिची नजर एकदा त्या घडीकडं गेली. मग एकदम हसू फुटलं तिला. "मामा, काळा चष्मा कुठला हो तो? तुमाला तर चष्माच न्हाई."

"साच्यातला हाय. बंकटचा."

निकालाला बरेच दिवस लागले. नानांनी कुणालाही फोन केला नाही. फ्लेक्स त्यांनी कडब्याच्या गंजीवर अंथरला, छापलेली बाजू खाली करून. केसरबाई म्हणाल्या, "आता बैलं बगतील तुमचा चष्मा." एके दुपारी राजनंदिनी कॉलेजातून लवकर आली, चप्पल न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि सासूच्या गळ्यात पडली. नाना ओसरीवर बसून आत काय चाललंय ते ऐकत राहिले. आत जाऊन विचारायचा धीर त्यांना झाला नाही. मग नात पळत आली. "आजोबा, आईला लॅब मिळाली!"

गावभर कळायला वेळ लागला नाही. ओसरीवर माणसं जमली. बंकट तर साचा उघडूनच बसला होता. "नाना, आता तर झालीय. आता लावू?"

नानांनी सुनेकडं पाहिलं. ती म्हणाली, "लावा मामा. पन मजकूर माझा."

तिनं दिलेला मजकूर बंकटनं दोनदा वाचला. विज्ञान आणि इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या प्राध्यापिकांसाठी विद्यापीठाची योजना, कुणाला अर्ज करता येतो, कुठं करायचा, माहितीसाठी कॉलेजात कुणाला भेटायचं. मोठ्या अक्षरांत, लांबून वाचता येईल असं. आणि शेवटी नव्या खेपेचा नियम जसाच्या तसा: फोन, पत्र किंवा फ्लेक्स, कोणत्याही मार्गानं शिफारस आणल्यास अर्ज बाद होईल.

"फ्लेक्सबी?" बंकट दचकला. "हे मागच्या खेपंला न्हवतं."

"न्हवतं," राजनंदिनी म्हणाली. "आमच्या मामांमुळं आलं. विद्यापीठाच्या नियमात येवढी भर आपल्या भागातल्या कुण्या पुढाऱ्याला जमली न्हाई."

नानांनी छाती पुढं काढली आणि मग थोडी मागं घेतली. "आन् खाली शुभेच्छुक?"

"कुनीच न्हाई."

"नाव न्हाई, फोटू न्हाई... मग लोकांना कसं कळनार कुनी लावलाय?"

"न्हाईच कळनार."

नानांना हे पचायला एक चहा लागला. पण फ्लेक्स छापला, आणि त्याच दोन खांबांच्या मधे नानांनीच तो बांधला. या खेपेला पकड बरोबर होती.

राजनंदिनीची प्रयोगशाळा आता सुरू आहे. पुढच्या वर्षी गुच्छ द्यायला कॉलेजानं एका सरांना उभं केलं, ते जरा लाजले, पण शिकले. घरी वाट्या येतच राहतात, आणि केसरबाईंबरोबर नानाही आता चाखायला बसतात. एकदा सवय लागल्यावर मात्र त्यांना आवरणं अवघड झालंय. बंकटचा चहा पाणचट आहे, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. चेअरमनचं भाषण लांबलं, तेही सांगितलं. चेअरमन चार दिवस रुसले. केसरबाई म्हणतात, "आता ह्यांना परत येक नंबर म्हनायला शिकवा कुनीतरी."

परवा वाऱ्यानं फाट्यावरच्या फ्लेक्सची एक बाजू सुटली. नाना शिडीवर चढून ती आवळत होते. केजकडून आलेली एक तरुण बाई स्कूटी थांबवून मजकूर वाचत होती. तिनं मोबाईलवर त्याचा फोटो काढला आणि वर बघून विचारलं, "काका, हा कुणी लावलाय हो?"

नाना वरून म्हणाले, "कुनास ठाऊक, बाई. पन अर्ज करा. फोन मात्र करू देऊ नका घरच्यांना."